लाटांचं लाकूड गोरं ठेवून रेषा कशा उठवायच्या

मेपल किंवा सिकॅमोरची लाटा असलेली (तंतू नागमोडी असल्याने आडवे पट्टे दिसणारी) फळी असली की सगळे पहिलं जवसाचं तेल सुचवतात, रेषा झटकन उठतात हे खरंच, पण ते तेल आणि ऑइल बेस पॉलीयुरेथेन (तेलावर बनवलेलं पारदर्शक पॉलिश) दोन्ही मुळातच पिवळसर आणि वर्षं जातील तशी पिवळी वाढतच जाते. नुसतं वॉटर बेस (पाण्यावर बनवलेलं पारदर्शक पॉलिश) लावलं तर रंग राहतो पण लाकूड मलूल दिसतं. म्हणून आधी पातळ लाख (शेलॅक) आणि वर वॉटर बेस, माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग.

खरी मेहनत घासण्यात आहे. या लाकडात तंतू वरखाली जातात म्हणून उजेड कुठे परततो कुठे आत शिरतो, पण त्याच कारणाने रंधा मारला की तुकडे उपटतात, तेव्हा धारदार स्क्रेपर (खरवडायची पातळ पोलादी पट्टी) वापरा, मग १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, फळीच्या लांबीने जाणाऱ्या तंतूंच्या दिशेनेच, लाटांच्या नाही. दिवा अगदी आडवा धरून बघा, वरून न दिसणारे ओरखडे तेव्हा दिसतात आणि पॉलिश लागल्यावर तेच डोळ्यात खुपतात. मग ओलं फडकं फिरवा, सुकू द्या, उभे राहिलेले तंतू २२० नेच हलक्या हाताने काढा.

आता लाख. सगळ्यात फिकट, मेण काढलेली घ्या, कारण मेण राहिलं तर वरचा कोट नीट धरत नाही. १०० मिली स्पिरिटला (अल्कोहोलवालं, टर्पेंटाइन नव्हे) साधारण १२ ग्रॅम, एवढी पातळ. फडक्याने भराभर एकच हात मारा, जिथे तंतूंची टोकं वर आलीत तिथे ती जास्त मुरते आणि लाटा हलायला लागतात, फळी तिरकी करून बघाच!

रात्रभर सुकवून वॉटर बेसचे तीन पातळ कोट, मध्ये ४०० ने अलगद घासायचं, स्टील वूल मात्र नको, त्याचे कण अडकून गंजाचे डाग पडतात.

हे सगळं आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर करा, वेगळ्या फळीवर करून उपयोग नाही. आणि मेपल उन्हाने स्वतःच पिवळं पडतं, यूव्ही रोखणारं पॉलिश तो वेग फक्त कमी करतं, तेव्हा वस्तू थेट उन्हात ठेवू नका.