स्पॉट सुटला? करंटला हात लावण्याआधी टिप बघा

रात्रपाळीत तपासायला दोन पत्र्यांमध्ये छिन्नी घातली आणि स्पॉट (पत्रे जोडणारा वेल्डचा ठिपका) पटकन सुटला, की बॉडी शॉपमध्ये, म्हणजे रोबोट गाडीचा सांगाडा जोडतात तिथे, पहिला हात जातो तो करंट ठरवणाऱ्या वेल्ड टायमरवर. करंट थोडा वाढवला, स्पॉट धरला, लाइन सुरू. सकाळी पहिल्या पाळीचा माणूस येतो, ठरल्याप्रमाणे टिप (वेल्डिंग गनचं पत्र्यावर दाबलं जाणारं तांब्याचं टोक) बदलतो आणि पहिल्याच गाडीवर दिवाळी! ठिणग्यांचा झोत, पत्र्याला भोक. मग सगळे मिळून रोबोटला शिव्या घालतात. चाकणमध्ये नवा असताना मीही हे केलंय, आणि सकाळच्या माणसाकडून जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जरा हिशेब बघा. ताज्या टिपचं तोंड समजा ६ मिमी आहे. स्पॉट मारून मारून ते दबतं, पसरतं, ८ मिमी होतं. डोळ्यांना फरक दोनच मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ २८ चौरस मिमीवरून ५० वर गेलेलं असतं. तोच ९ हजार अँपिअरचा करंट पावणेदोनपट जागेत पसरतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने चालते, त्यामुळे प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम एक-तृतीयांश उष्णता येते. नगेट (पत्र्यांमधला धातू वितळून बनणारी गाठ) बनणार कुठून? ०.८ मिमी पत्र्याला निदान साडेतीन मिमीचं नगेट हवं असतं. इथे पत्रे नुसते चिकटतात.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हे आणखी लवकर होतं. जस्त ४१९ अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि टिपच्या तांब्यात शिरतं. टिप काढून उजेडात धरा: तोंड पिवळसर दिसलं तर ते पितळ झालंय. असं तोंड मऊ पडतं, पत्र्याला चिकटतं, कडेने कपचे निघतात. अशा वेळी करंट वाढवणं म्हणजे टिप आणखी लवकर मारणं.

टिपचं तोंड कापून पुन्हा नीट करणारा टिप ड्रेसर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ड्रेसरचं पातं बोथट झालं तर तो तोंड कापत नाही, नुसतं चोळतो. ड्रेस झाल्यावर खाली तांब्याचा कीस पडलाय का, एवढं बघायला दोन सेकंद लागतात.

स्टेपरचाही असाच घोळ. टिप झिजेल तसा टायमर करंट हळूहळू वाढवत नेतो, तो हा स्टेपर. टिप बदलली पण स्टेपर रीसेट केला नाही, तर ठिणग्या. आणि टिप न बदलता कोणी नुसतंच रीसेटचं बटण दाबलं (अलार्म घालवायला हे सर्रास होतं), तर पुढचे सगळे स्पॉट थंड, म्हणजे कच्चे. ठिणग्या निदान दिसतात. थंड स्पॉट वरून छान गोल दिसतो, म्हणून दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते.

टिप ठीक असेल तर ती गार ठेवणारं पाणी तपासा. शँकच्या (टिप धरणाऱ्या दांड्याच्या) आतली बारीक नळी टिपच्या बुडापर्यंत पोहोचायला हवी. दुरुस्तीत कोणी ती आखूड कापली किंवा पाण्याचे दोन पाइप उलटसुलट जोडले, की फ्लो मीटर बरोबर दाखवतो आणि टिप तरी भाजते. पावसाळ्यात उलटा त्रास: पाणी गार करणारा चिलर फार थंड ठेवला तर दमट हवेत ट्रान्सफॉर्मरवर दव धरतं.

त्यानंतर पत्र्यांमधली फट. फट असली की गनचा निम्मा जोर पत्रे जवळ आणण्यातच जातो. कारण बहुतेक वेळा फिक्स्चरवर (पत्रे धरून ठेवणाऱ्या चौकटीवर) सापडतं. क्लॅम्पच्या बैठकीवर किंवा लोकेटर पिनच्या मुळाशी स्पॅटरचा (उडालेल्या वितळलेल्या धातूचा) एखादा दाणा चिकटलेला असतो आणि पत्रा उचलला गेलेला असतो. बोट फिरवा, लगेच लागेल.

रोबोटचा नंबर एवढं सगळं झाल्यावर. एकदा रात्री गन क्लॅम्पला घासली, शँक किंचित वाकला. ड्युटीवरच्या टेक्निशियनने पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) घेऊन चौदा पॉइंट, म्हणजे गन जिथे स्पॉट मारते त्या जागा, एकेक करून सरकवले. मन लावून, व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी शँक बदलला आणि चौदाही पॉइंट चुकले. पाच पॉइंट एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेले दिसले तर पॉइंट हलवू नका. गन आधी टीसीपी (गनच्या टोकाचा रोबोटला ठाऊक असलेला बिंदू) तपासायच्या ठरलेल्या टोकावर नेऊन तपासा. तिथेच फरक दिसला तर दोष शँकचा किंवा मास्टरिंगचा (रोबोटच्या सांध्यांच्या शून्य स्थितीच्या नोंदीचा). आणि एन्कोडरची (सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या भागाची) बॅटरी बदलताना कंट्रोलरची पॉवर चालू ठेवा. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असू द्या, पण पॉवर बंद करून बॅटरी काढली तर मास्टरिंग जाऊ शकतं आणि पुढची अर्धी पाळी खुणा जुळवण्यात जाते.

आता रोबोटभोवतीच्या कुंपणाच्या आतल्या चुकीबद्दल. थांबलेला रोबोट आणि बंद असलेला रोबोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो कदाचित फक्त एका सिग्नलची वाट बघत असतो. पडलेला नट उचलायला वाकलात, तुमच्या हाताने सेन्सर झाकला गेला, की त्याच्या लेखी पार्ट आला. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथे, फोर्डच्या ओतकाम कारखान्यात, रॉबर्ट विल्यम्स पार्ट काढायला रॅकमध्ये चढले आणि रोबोटचा हात लागून त्यांचा मृत्यू झाला. टीचिंगला (रोबोटला पॉइंट शिकवायला) आत जायचं तर टी-१ मोडमध्येच, जिथे वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही, आणि पेंडंट आपल्याच हातात. बाकी कामाला गेटला स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात. पाळी संपली आणि काम उरलं, तर पुढच्या माणसाने त्याचं कुलूप लावल्यावरच आपलं काढायचं.