बटरफ्लायफिश आणताय? आधी त्याला जेवताना बघा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला माझा पहिला बटरफ्लायफिश एकोणिसाव्या दिवशी गेला. पिवळ्या अंगावर जांभळट बारीक रेघा, जातीचं नाव मेलन. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, हा सगळं खातो." घरी आल्यावर त्याने मायसिसकडे (माशांना घालतात त्या बारीक कोळंबीकडे) ढुंकूनही पाहिलं नाही. ही जात जिवंत प्रवाळांवर जगते, हे मला तो गेल्यावर वाचून कळलं. प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे ते विकत आणून ह्याला भरवणं शक्यच नाही. तेव्हा मेलन, मेयर्स, ऑर्नेट दुकानात कितीही देखणे दिसोत, घेऊ नका.

सुरुवात ऑरिगा, रॅकून किंवा हेनिओकस ह्या जातींनी करा. कॉपरबँड मलाही फार आवडतो, पण तो नखरेल. पहिल्या वर्षी नकोच.

दुकानात गेलात की समोर खायला घालायला सांगा. नाही म्हणाले तर निघून या. मासा टिपून खातोय ना, हे बघा. मग डोक्यामागे, पाठीच्या वरच्या भागात बघा. तिथे खड्डा पडला असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. तोंडाचं टोकही तपासा, पकडताना जखम झाली असेल तर तो खाणार कसा?

टाकी किमान ४०० लिटरची. माझी ५ बाय २ बाय २ फुटांची आहे, साडेपाचशे लिटरची. दगड, स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या वर जातं. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून आधी इंजिनिअरला बोलावून जागा ठरवली. पाणी भरून सहा महिने टाकी चालवली, मगच हे मासे आणले. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २५-२६, क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) १.०२५. पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही, पुढे उरलेले क्षार काढून घेणारं डीआय रेझिन लागतं.

एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाणी गार करणाऱ्या चिलरशिवाय भागत नाही. त्या दिवसांत माझ्या टाकीतलं रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ-डीआय पाण्याची. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज खारं पाणीच ओतत होते!

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत. अंगावर पांढरे ठिपके पडण्याच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, पण ह्या कुळाला ते सोसत नाही. द्यायचंच तर थोडं थोडं वाढवत, टेस्ट किटने मोजत.

आता जेवण. आमच्या सासूबाईंचा फ्रीज शाकाहारी. मी गणेश पेठेतून तिसऱ्या आणते आणि वरच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात ठेवते. "त्याच्या पंगतीला तिसऱ्या, आपल्याला वरणभात," असं त्या म्हणतात खरं, पण पहिला घास द्यायला स्वतःच पुढे येतात. तिसऱ्या गोठवून ठेवलेल्याच वापरा. एक वितळवायची, उघडायची, अर्धा शिंपला मांसाची बाजू वर करून दगडाच्या खाचेत बसवायचा. ऑरिगा आधी लांब राहतो. मग डोकं खाली, शेपूट वर करून चिमट्यासारखं तोंड मांसात घालतो, मान झटकून तुकडा ओढतो, मागे सरकतो, परत येतो. नवा मासा काहीच खात नसेल तर ही युक्ती करून पाहा. उरलेलं दोन तासांत काढा, नाहीतर पाणी नासतं.

दिवसातून तीनदा, थोडं थोडं. एकदाच भरपूर घालून भागत नाही.

आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असली की आदल्या रात्री बॅटरीवरचा एअर पंप चालतोय का ते पाहून ठेवा. आम्ही गणपतीत चार दिवस कोकणात जातो, तेव्हा शेजारच्या काकूंकडे दिवसाला एक अशा चार पुड्या बांधून देते, वर तारीख घालून. एकदा सगळं एकत्र दिलं होतं, तर त्यांनी "भूक लागली असेल" म्हणून दोनच दिवसांत संपवलं.