हेल्मेट पडलं? फेकण्याआधी आणि पुन्हा घालण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये माझं हेल्मेट स्कूटरच्या सीटवरून घरंगळलं. फरशीवर एक टप्पा, मग गोल फिरत थेट वॉचमनच्या खुर्चीखाली. उचललं तर मागे नखाएवढा ओरखडा. शेजारचे काका लगेच म्हणाले, ‘आता ते बाद झालं, एकदा पडलं की संपलं.’ तेच काका वर्षभरापूर्वी खडीवरून घसरले होते, डोकं रस्त्याला आपटलं होतं, आणि तेच हेल्मेट आजही घालतात. का, तर ‘बघ ना, काही झालेलं नाही त्याला.’

दोन्हीकडे हिशोब उलटा आहे.

सगळ्या पडण्यांना एकच माप लावणं

हेल्मेटचं बाहेरचं कवच धक्का पसरवतं, पण डोकं वाचवतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. डोकं आतून त्याच्यावर आदळतं, थर चेपतो आणि त्या चेपण्यात धक्क्याचा जोर जिरतो. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. त्या जागी दुसरा धक्का बसला तर चेपायला फारसं काही उरलेलं नसतं.

रिकामं हेल्मेट साधारण सव्वा किलोचं. आत साडेचार-पाच किलोचं डोकं असलं की आदळणारं वजन पाचपट होतं, शिवाय थर कवच आणि डोकं यांच्यामध्ये चिरडला जातो. सीटवरून किंवा हातातून रिकामं पडलेलं हेल्मेट मीटरभर उंचीवरून खाली येतं, म्हणजे ताशी सुमारे 16 किलोमीटर वेगाने, आणि आतून दाबणारं काहीच नसतं. अशा पडण्याने बहुतेक वेळा रंगच जातो. हेल्मेटची चाचणी घेणारी अमेरिकेतली स्नेल ही संस्थाही खरं नुकसान डोकं आत असताना होतं, असंच सांगते.

म्हणून पहिला प्रश्न एकच: आपटताना आत काय होतं? डोकं होतं, तर ओरखडाही नसला तरी ते हेल्मेट बाद. आत डिस्क लॉक, पाण्याची बाटली, किल्ल्यांचा जुडगा ठेवला होता (सगळेच ठेवतात), तर तेवढ्या जागी थर्माकोलला खोक पडली असेल. आणि गॅलरीतून खाली गेलं किंवा चालत्या गाडीवरून सुटून रस्त्यावर आपटलं, तर रिकामं असलं तरी मी ते घालणार नाही.

फक्त बाहेरून बघणं

पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं कवच वाकून परत जागेवर येतं, त्यामुळे आत काय घडलं ते लपून राहतं. फायबरच्या कवचावर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. त्या रंगाच्या आहेत की कवचाच्या, हे घरी कळणं कठीण. रेषांच्या जागी अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागलं, तर शंका धरायची गरज नाही, ते गेलंच.

गालाच्या गाद्या आणि अस्तर काढा. उन्हात बसा, ट्यूबलाइटखाली नको. थर्माकोलवरून बोटं फिरवा आणि डावी बाजू उजवीशी ताडून बघा. चकचकीत सपाट झालेला चट्टा, खळगा, चीर, कवच आणि थर यांच्यात नवी फट, यांतलं काहीही सापडलं तर थांबा. मग दोन्ही पट्टे धरून हेल्मेट बाजूंना हलकेच ताणा. कुरकुर किंवा कडकड आवाज नवा असेल, तर तो काहीतरी सांगतोय. शेवटी बक्कल लावून पट्ट्याला जोरात हिसका द्या आणि पट्टा कवचाला जोडणारे रिव्हेट हलतात का ते बघा.

टिचकी मारून आवाजावर निकाल देणारे लोक मी पाहिलेत. ते माठ विकत घेताना ठीक आहे.

घरगुती दुरुस्ती

चिरेत फेव्हिक्विक, खळग्यात एम-सील, वर मोठा स्टिकर. बाहेरून हेल्मेट नवं दिसतं, आतली चीर तिथेच असते. त्याहून वाईट म्हणजे डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर. थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे थेंब टाकून बघा, डोळ्यांदेखत विरघळतो. प्लास्टिकचं कवचही त्याने ठिसूळ होतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे.

‘मागे बसणाऱ्याला चालेल’

पोलीस दिसला की घालायचं ‘जुनं’ हेल्मेट बहुतेक घरांत असतं, आणि ते बायकोच्या किंवा मुलाच्या डोक्यावर जातं. आपल्याला नको असलेलं हेल्मेट त्यांना कसं चालतं?

मुळात हेल्मेट आयएसआय नसेल, तर पडलं की नाही हा प्रश्नच गौण आहे. 1 जून 2021 पासून बिगर-आयएसआय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग लागतातच. आयएसआयच्या खुणेजवळ आयएस 4151 हा क्रमांक बघा. आत बनवल्याची तारीख असते. पाच वर्षं उलटून गेली असतील तर पडण्याचा वाद घालण्यात अर्थ नाही.

आरशावर टांगणं

हे पडणं नव्हे, पण परिणाम तसाच. आरशाचं टोक रोज त्याच जागी थर्माकोलमध्ये रुततं, शिवाय तिथूनच हेल्मेट पडतं. टाकीवर किंवा सीटवर ठेवू नका. गाडीला हूक असेल तर पट्ट्याने अडकवा, नाहीतर सरळ सोबत न्या.

बाद ठरवलेलं हेल्मेट भंगारात देताना दोन्ही पट्टे कापा आणि कवचावर मार्करने फुली मारा. नाहीतर पुसून-पासून ते पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढतं.