काम मुलांवर सोपवलंय ना, मग सारखी आठवण करून देऊ नका

मुलं स्वतःहून काहीच करत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात आणि गंमत म्हणजे तेच आईबाबा सकाळी 'दप्तर भरलंस का, बाटली घेतलीस का, वही ठेवलीस का' असा धोशा लावून बसलेले असतात. मग मूल कशाला लक्षात ठेवेल, त्याच्या वतीने लक्षात ठेवणारं माणूस घरात आहेच की! काम सोपवायचं तर लक्षात ठेवण्यासकट सोपवायचं, नाहीतर ते तुमचंच काम राहतं, फक्त हात मुलाचे.

सुरुवात आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच लवकर करता येते. दीड वर्षाच्या मुलांवरचा एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झालाय, मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोचत नाहीये असं दिसलं की त्यातली बरीचशी पोरं कुणी न सांगता उचलून द्यायची. म्हणजे हौस असतेच, आपणच 'राहू दे, सांडशील' म्हणून ती घालवतो. दोन-अडीच वर्षांचं मूल झाडू ओढत मागे आलं तर पसारा वाढणार हे धरूनच करू द्या. आणि वस्तू त्याच्या हाताला येतील अशा ठेवा, म्हणजे खालची खुंटी, खालचा कप्पा, नाहीतर दर वेळी तुम्हालाच हाक येणार.

शाळेत जायला लागलं की दप्तर हे एकदम चांगलं पहिलं काम. आधी दोनचार दिवस शेजारी बसून वेळापत्रक कसं बघायचं, कुठली वही कधी लागते हे दाखवा, मग त्याला भरू दे आणि तुम्ही नुसतं बघा, आणि मग खरंच तिथून उठून जा. हे उठून जाणंच आपल्याला जमत नाही. कारण कधीतरी रात्री गणिताची वही टेबलावरच राहिलेली दिसते, मूल झोपलंय, आणि हात शिवशिवतात गुपचूप दप्तरात टाकायला. टाकू नका. दुसऱ्या दिवशी मूल तोंड पाडून घरी येईल तेव्हा 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य गिळा आणि 'मग आता विसरू नये म्हणून काय करशील?' एवढंच विचारा. त्याने काढलेला उपाय तुम्हाला बावळट वाटला तरी तोच करून बघू दे.

अर्थात गॅस, औषधं, खोल पाणी, वाहतुकीचा रस्ता इथे चुकू देऊन शिकवायचं नसतं, तिथे जवळच थांबायचं.

मुलाने केलेलं काम त्याच्यासमोर परत करू नका. घडी वाकडी असली तर असू दे, कपडे घालता येतात ना. काम झालं म्हणजे नेमकं काय झालं हे आधीच ठरवून घ्या, 'खोली आवर' पेक्षा 'जमिनीवर काही नको आणि मळके कपडे टोपलीत' असं सांगितलं की वादच होत नाही.

घरातल्या कामाला बक्षीस लावायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. वीस महिन्यांच्या मुलांवर 2008 मध्ये असंच बघितलं होतं, मदतीबद्दल खेळणी मिळालेली मुलं खेळणी बंद झाल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली.

घरात आजीआजोबा असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही उठून गेलात की ते प्रेमाने दप्तर भरून मोकळे!

टीनएजर मुलांना मात्र नुसती कामं देऊन भागत नाही, निर्णय द्यावे लागतात. महिन्याच्या पॉकेटमनीतून काय घ्यायचं, कुठला क्लास सोडायचा, सकाळी कितीचा अलार्म लावायचा. पैसे पंधरा दिवसांतच संपले तर उरलेले पंधरा दिवस तसेच काढू द्या, मध्येच भर घातली की सगळं फुकट. आणि एखादं काम सारखंच राहतंय असं दिसलं तर चिडून काढून घेण्यापेक्षा त्याचा थोडा सोपा भाग करून परत त्याच्याचकडे द्या.