कर्णावरून निसटलेला ठिपका

एम.एस्सी.च्या मुलांना प्लाझ्मालोजेन (पेशींच्या आवरणातलं एक लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ) म्हणजे 'ग्लिसेरॉलच्या पहिल्या कार्बनवर एस्टरऐवजी इथर बंध' हे पाठ असतं, पण त्याने फरक काय पडतो, ते विचारलं की सगळे खाली बघतात. म्हणून मी प्रॅक्टिकलच्या दिवशी मटणवाल्याकडून बकऱ्याचा ताजा भेजा आणि थोडी कलेजी आणते.

दोन्ही वेगवेगळे करा. अर्धा ग्रॅम भेजा १० मिली क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये (२:१) घोटा, गाळा, २ मिली मिठाचं पाणी घालून हलवा आणि थर वेगळे होऊ द्या. लिपिडं खालच्या थरात. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारं कपाट).

त्याचा एक थेंब सिलिका प्लेटच्या कोपऱ्यात लावा. प्लेट क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, अमोनियाच्या ६५:२५:४ द्रावणात उभी करून ते वर चढू द्या (त्याबरोबर लिपिडं कमीजास्त वर सरकतात) आणि सुकवा. आता खरी गंमत. प्लेट ५ मिनिटं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेवर पालथी धरा. मग गार हवेवर आम्ल पूर्ण उडू द्या (घाई केलीत तर अमोनियाशी मिळून सगळं लडबडतं), प्लेट काटकोनात फिरवा आणि त्याच द्रावणात पुन्हा चढवा.

ज्यांना आम्लाने काही झालं नाही, ती लिपिडं दोन्ही वेळा सारखीच चालतात, म्हणून कर्णावर रांगेत बसतात. प्लाझ्मालोजेन मात्र तुटतं. त्याचा इथर बंध दुहेरी बंधाला चिकटलेला, आम्लापुढे हळवा. तुटून निघालेलं अल्डिहाइड वर पळतं, उरलेलं लायसो-लिपिड (एक शेपूट गमावलेलं लिपिड) मागे पडतं. आयोडीनच्या वाफेत कर्णाबाहेर तपकिरी ठिपका दिसला की तेच ते.

१९२४ साली जर्मनीत फॉयल्गेन आणि फोइट यांना हे अल्डिहाइड असंच अचानक सापडलं. रंगवायचं होतं पेशीचं केंद्रक आणि रंगलं भोवतालचं पेशीद्रव्य (प्लाझ्मा). मर्क्युरिक क्लोराइडने बंध तोडला होता.

एका वर्षी आमच्या सगळ्या प्लेटांवर लायसोचा ठिपका वाफेआधीच, कर्णावरच हजर! दोष पारदर्शक बाटलीतल्या जुन्या क्लोरोफॉर्मचा. उजेडात त्यात आम्ल तयार होतं आणि बंध आधीच तुटतो. तेव्हापासून ताजी, गडद बाटलीच.

भेज्याचा ठिपका ठसठशीत, कारण मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) प्लाझ्मालोजेनने भरलेलं असतं. कलेजीचा जेमतेम. मुलं म्हणतात, यकृत बनवतच नाही का? बनवतं, पण लायपोप्रोटीनबरोबर (रक्तात लिपिडं वाहून नेणारे कण) रक्तात पाठवून देतं. या लिपिडाची सुरुवात पेरॉक्सिझोममध्ये (पेशीतला एक छोटा कप्पा) होते. पेक्स-७ जनुक बिघडलं तर एजीपीएस हे इथर बंध जोडणारं एन्झाइम तिथे पोचतच नाही. अशा बाळांचे दंड आणि मांड्या आखूड राहतात, मोतीबिंदू लवकर येतो, एक्स-रेत कूर्चेवर ठिपके दिसतात. ऱ्हायझोमेलिक कॉन्ड्रोडिसप्लेशिया पंक्टाटा, असं लांबलचक नाव. त्यांच्या तांबड्या पेशी घेऊन हीच प्लेट चढवली तर कर्णाबाहेर जवळजवळ काहीच दिसणार नाही.

आयोडीनचे डाग थोड्या वेळात उडतात. त्याआधी पेन्सिलीने गोल करून ठेवा.