कानशिलावर बोट ठेवून पाहा

सुपरस्पेशालिटीच्या पहिल्या वर्षी बालहृदयशस्त्रक्रियेच्या पोस्टिंगला येणाऱ्यांना मी आधी एक कोरी वही आणायला सांगते. महाधमनीच्या कमानीचा दोष असलेलं बाळ आलं की त्याची कमान त्या वहीत स्वतःच्या हाताने काढायची. फांद्या किती, कोणत्या क्रमाने, डक्ट (फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटणारी नळी) कुठे, कमान श्वासनलिकेच्या डावीकडून जाते की उजवीकडून. सीटीचा रिपोर्ट वाचला की सगळं कळलंय असं वाटतं. पेन्सिल अडली की काय कळलं नाही ते समजतं.

मी हे चुकून शिकले. सात दिवसांचं बाळ, दूध ओढत नव्हतं, धाप लागलेली. चारही हातापायांचं बीपी घेतलं, सगळीकडे सारखंच कमी. हातापायांत फरक नाही म्हणजे कमानीत अडथळा नाही, असं धरून मी जंतुसंसर्गाच्या मागे लागले. मॅडमनी माझं बोट धरून बाळाच्या कानशिलावर ठेवलं. तिथे नाडी जोरात उडत होती, आणि मनगटात शोधूनही सापडत नव्हती. इकोत निघाला इंटरप्टेड आर्च, टाइप बी: डावी कॅरॉटिड (डोक्याकडे जाणारी धमनी) आणि डावी सबक्लेवियन (हाताकडे जाणारी धमनी) यांच्या मध्ये कमान तुटलेली. उजवी सबक्लेवियनसुद्धा तुटीच्या पलीकडे, उतरत्या महाधमनीतून निघालेली. चारही हातपाय डक्टच्या जिवावर होते आणि डक्ट मिटत आली होती.

डक्ट उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन लगेच सुरू केलं. त्याने श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर उशाशी हवा. तुटलेल्या कमानीचे ए, बी, सी हे प्रकार 1959 साली सेलोरिया आणि पॅटन यांनी पाडले. परीक्षेत विचारतात, पाठ कराच. पण टाइप बी दिसला की 22क्यू11 डिलिशन (बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असणं) मनात आलंच पाहिजे. त्यात कॅल्शियम घसरतं, आणि रक्त मागवताना ते इरॅडिएटेड (किरणांची प्रक्रिया केलेलं) हवं असं चिठ्ठीवर लिहावं लागतं. छाती उघडल्यावर हृदयावर जिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणाऱ्या थायमस ग्रंथीची गुबगुबीत गादी असायला हवी, तिथे या बाळाला जवळपास काहीच नव्हतं.

ऑपरेशनमध्ये वहीतलं चित्र पुन्हा कामाला आलं. कमान जोडताना एरवी मेंदूला इनॉमिनेटमधून (कमानीची पहिली फांदी, जिच्यातून उजवी कॅरॉटिड आणि उजवी सबक्लेवियन निघतात) रक्त देत राहतात आणि उजव्या मनगटातल्या लाइनवर त्याचा दाब कळतो. इथे ती लाइन मेंदूबद्दल काहीच सांगणार नव्हती. कपाळावरच्या, मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणाऱ्या निअर्स सेन्सरकडे डोळे लावून बसलो. डक्टचा ऊतक तसूभरही मागे ठेवायचा नाही, तो नंतर आकसतो आणि जोड अरुंद होतो. उतरती महाधमनी खालपर्यंत मोकळी केल्याशिवाय टाके घ्यायचे नाहीत. ओढून जोडली तर ती डाव्या श्वासनळीवर दोरीसारखी ताणून बसते. व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र) त्याच बैठकीत बंद केला. बाळ हार्ट-लंग पंपावरून उतरल्यावर मी ड्रेपखाली हात घालून जांघेतली नाडी चाचपली. लागली!

व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर बाळाचं पहिलं रडणं कान देऊन ऐका. स्वरयंत्राकडे जाणारी डावी रिकरंट नस डक्टला वळसा घालून जाते, ती दुखावली तर आवाज घोगरा येतो आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आमच्या बाळाचा आवाज घोगराच आला. त्याच्या आईला नाकातल्या नळीने दूध कसं द्यायचं ते मी शेजारी बसून शिकवलं, तिसऱ्या दिवशी तीच मला सांगू लागली, "डॉक्टर, सिरिंज जरा खाली धरा, दूध फार भरभर जातंय."