धंदा कुठे आखडलाय, ते वहीत शोधा

मी लालबाग-परळमधल्या छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. 'ऑनलाइनवाल्यांनी धंदा खाल्ला, आता काय करू?' म्हणत जो येतो, त्याला आधी वही उघडायला लावते. अ‍ॅपचं नंतर बघू.

वहीत मालाचे रकाने असतात: बेडगी, लवंगी, हळद. ते राहू द्या. पैसा कोणत्या वाटेने आला ते मांडा. मसाल्याचं दुकान असेल तर सुट्या मिरचीवरचा नफा, कांडपाची मजुरी, तयार मसाल्याची पाकिटं, घरपोचचे पैसे, सगळं वेगळं. एप्रिल-मे आणि पावसाळाही वेगळा काढा. सीझनची गर्दी बाकी वर्षाचं दुखणं झाकते.

आता यातल्या कोणत्या रकान्याला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो? धंदा तिथेच आखडलेला असतो. एक मालक पाकिटं ठेवायला तयार नव्हते. म्हणे, मग सुटी मिरची कोण घेणार? खरंच कमी घेतील. पण त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची सून कामावरून येताना पाकीट घेतेच, फक्त दुसरीकडून.

कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनियरने १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला होता. पण कमाई होती फिल्म, कागद आणि रसायनांची. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकलेही, तरी फिल्मची कमाई काही भरून निघाली नाही. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

इंटरनेटवाले अशा अडकण्यातून मोकळे असतात असंही समजू नका. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स बघा, पैसे जमा झाले की बोलून सांगणारा तो डबा. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेणं जानेवारी २०२० पासून बंद आहे. फुकटाची सवय गिऱ्हाइकालाही लागली. मग कंपन्या डब्याचं भाडं घेतात, दुकानदाराला कर्ज मिळवून देतात. मुख्य कामाचे पैसे मागता येत नाहीत, म्हणून कमाई आजूबाजूने.

नवीन काम सुरू करताना वही वेगळी, क्यूआर कोडही वेगळा. पाकिटात घातलेली मिरची दुकानाचीच म्हणून फुकट धरू नका. बाहेरच्या व्यापाऱ्याला द्याल त्याच भावाने नव्या वहीत खर्ची टाका. नाहीतर पाकिटांवर दिसणारा नफा जुन्या दुकानाच्या खिशातला असतो. हे नव्वद टक्के मालकांना पटत नाही, भांडतात. भांडू दे. सांभाळायला माणूसही असा द्या, ज्याचं पोट कांडपावर नाही. फूड लायसन्सचा नंबर, वजन, तारीख हे पाकिटावर लागतंच.

सुरुवात आषाढात करा, डंका म्हणजे मसाला कांडायचं यंत्र तेव्हा रिकामं असतं. गणपतीत घरपोचच्या ऑर्डरी घेऊ नका. लालबागला तेव्हा हातगाडीसुद्धा आत शिरत नाही. दिवाळीनंतर हिशेब बघायचा. किती तोटा झाला की बंद करायचं, तो आकडा पहिल्याच पानावर मालकाच्या सहीने लिहून घ्या. मी तो नंतर खोडू देत नाही.